चालत्या गाडीत सांगायचं नाही

गेला आठवडाभर आमच्या घरात नाटक चालू होतं, आणि त्यातला सगळ्यात भिकार नट म्हणजे माझा नवरा.

मावशी हवापालटाला गेली आहे, एवढंच माझ्या धाकट्या भावाला सांगायचं ठरलं होतं. एक वाक्य. लहान पोरही पाठ म्हणून दाखवेल. पण सोमवारी नवऱ्याने मावशीला डोंगरावर धाडलं आणि बुधवारी जेवताना, "समुद्राची हवा मानवेल तिला," असं म्हणून मोकळा झाला. धाकट्याने चमचा खाली ठेवला.

"भाऊजी, डोंगरावर समुद्र?"

"असतो काही ठिकाणी," नवरा म्हणाला आणि त्याने मीठ मागितलं. मीठ त्याच्या समोरच होतं.

मावशी हॉस्पिटलात होती. घरापासून गाडीने पाव तासावर, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. ती आता तिथून परत येणार नाही हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. आमची आई लवकर गेली, वडील नोकरीमुळे सदानकदा बाहेर, त्यामुळे आम्हा दोघांना लहानाचं मोठं केलं ते या मावशीने. तिने काढलेलं ड्रायव्हिंग स्कूल आता मी चालवते. धाकटा तिचा जीव की प्राण. आणि नेमकं त्यालाच कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. आमच्या घरात ठरवण्याचं खातं माझ्याकडे आहे.

कारणही सांगते. धाकटा गॅरेजमध्ये कामाला होता. एकदा इंजिन उतरवताना साखळी सटकली आणि त्याच्या पाठीचं वाटोळं झालं. डॉक्टरांनी दुखण्यावर इंजेक्शनं दिली. पाठ बरी झाली, इंजेक्शनं सुटली नाहीत. पुढे डॉक्टर सुटले आणि इंजेक्शनं तेवढी राहिली. त्या वर्षांबद्दल मी फार बोलणार नाही. ज्या घराने ते पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने पाहिलं नाही त्याचं भलं होवो. शेवटी तो आपल्या पायांनी उपचार केंद्रात गेला, बरा होऊन आला, आणि आता वर्ष होत आलं, आमच्या माडीवरच्या खोलीत राहतो. स्कूलच्या दोन्ही गाड्यांची देखभाल त्याच्याकडे. आणि मावशीच्या खाटेशेजारी दांडीला जी बाटली टांगली होती, जिच्यातून थेंब थेंब तिच्या हातात उतरत होता, त्या बाटलीत तेच औषध होतं. नाव मी दोनदा वाचलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीही फुंकून प्यायला लागले होते. मरायला टेकलेली मावशी आणि टांगलेलं औषध, एकाच खोलीत, आणि मध्ये माझा भाऊ, हे डोळ्यांपुढे आलं की मी म्हणायचे, नको. तिला शांतपणे जाऊ दे, मग सांगू. नवरा म्हणाला, "अगं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" मी म्हटलं, तुम्ही आधी डोंगर आणि समुद्र यांतला फरक शिका, मग म्हणी सांगा.

नशा सुटली की माणूस सुखी होतो, असं मला पूर्वी वाटायचं. तसं नसतं. पायावर पाय ठेवून बराच वेळ बसलं की पाय बधिर होतो आणि उठल्यावर अशा मुंग्या येतात की नको तो पाय असं वाटतं. धाकट्याचं मन तसं जागं होत होतं. इतकी वर्षं न वाटलेलं सगळं एकदम यायचं. हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात वाचून डोळे पुसायचा. बरणीचं झाकण निघालं नाही म्हणून इतका संतापायचा की अंगणात जाऊन नळ घट्ट धरून उभा राहायचा, राग उतरेपर्यंत. जे वाटतंय त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, लपवायचं नाही, असं केंद्रात शिकवलं होतं. त्यामुळे सकाळी चहाला बसला की जाहीर करायचा, "मला आज उठल्यापासून धास्ती वाटतेय." नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "मलाही. गॅस संपत आलाय."

आणि जेवताना तो आभार मानायचा. देवाबिवाचे नाहीत, समोर बसलेल्या माणसाचे. "ताई, आज मला एकट्याला पार्ट आणायला पाठवलंस, बरं वाटलं." "भाऊजी, तुम्ही माझ्यासाठी जेवायचे थांबलात." सुरुवातीला आम्हाला फार अवघडल्यासारखं व्हायचं. आमच्या घराण्यात आभार फक्त सभेच्या शेवटी मानतात, तेही कुणी हातात कागद दिला तर. त्यातून माझा राग नाकाच्या शेंड्यावर. शिकायला येणारे लोक पाठीमागे मला 'हॉर्न' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण हळूहळू नवऱ्यालाही ती सवय लागली. एकदा म्हणाला, "आज तू माझ्यावर अजिबात ओरडली नाहीस, त्याबद्दल आभारी आहे." मग मी ओरडले.

त्या आठवड्यात मात्र धाकट्याने जेवताना आभार मानायचं बंद केलं होतं. ते माझ्या लक्षात आलं होतं. विसरला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता आमच्या स्कूलचा एक नियम सांगते, तो कुठल्या पुस्तकात नाही. मावशीकडे पूर्वी एक शिक्षक होता. त्याने गाडी शिकणाऱ्या एका बाईंना चालता चालता सहज सांगितलं की तुमच्या मुलाचा निकाल बघितला, राहिला बिचारा. गाडी सरळ रोपवाटिकेत शिरली. माणसं वाचली, कुंड्या नाही वाचल्या. तेव्हापासून मावशीने दंडक घातला की चालत्या गाडीत वाईट बातमी सांगायची नाही. आधी गाडी कडेला. मग हँडब्रेक. मग शिकवणाऱ्याने हात पुढे करून किल्ली काढायची, आपल्या मुठीत ठेवायची आणि मगच तोंड उघडायचं. एरवी शिकणाऱ्याच्या किल्लीला आम्ही हात लावत नाही, गाडी चालू-बंद करणं त्याचं त्यानेच करायचं असतं. आई गेल्याचं मावशीने आम्हाला असंच सांगितलं होतं. शाळेतून घरी नेताना तिने गाडी कडेला घेतली, किल्ली काढून मुठीत धरली आणि मागच्या सीटकडे वळली. मी तिसरीत होते, धाकटा बालवाडीत. त्यानंतर किल्ली कुणाच्या मुठीत गेली की आम्हा दोघांनाही सांगावं लागत नाही.

त्या दुपारी शिकवण्या आटोपल्यावर आम्ही गाडी सर्व्हिसिंगला न्यायला निघालो. धाकटा चालवत होता, मी शेजारी शिक्षकाच्या जागेवर. तिथेही एक ब्रेक आणि क्लच असतो. केंद्रातून आल्यावर त्याने गाडी पहिल्यापासून नव्याने शिकायची, असा माझा हट्ट होता. जन्मभर गाड्या खोलून बसवलेल्या त्या माणसाने 'हा आरसा, हा इंडिकेटर' हे माझ्याकडून निमूटपणे ऐकून घेतलं होतं. आता तो माझ्यापेक्षा चांगली चालवतो. तरी माझा पाय ब्रेकवरून हलत नाही.

सिग्नल ओलांडला आणि माझा फोन वाजला. नवऱ्याचा निरोप होता. दुपारी तो मावशीजवळ बसायचा. 'त्याला विचारतेय. परत परत. काय ते तू ठरव, पण लवकर ठरव.'

मावशी रोज विचारायची, धाकटा कुठाय? मी रोज सांगायचे, कामावर आहे गं, येईल. ती डोळे मिटून घ्यायची. आदल्या दिवशी तिने विचारलं नव्हतं, तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता तो निरोप वाचला आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. "थांबव जरा कडेला," मी म्हणाले. मला फक्त डोळे पुसायचे होते. कचरा गेला म्हणून सांगायचं आणि पुढे जायचं, एवढाच माझा बेत होता.

त्याने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, एका बंद दुकानासमोर गाडी लावली आणि हँडब्रेक ओढला. आणि माझा हात आपला आपण पुढे झाला. मी किल्ली काढून मुठीत घेतली.

इतक्या वर्षांची सवय. डोळ्यांत पाणी, गाडी कडेला, की हाताने किल्ली घ्यायची. हात करून बसला आणि मग मला कळलं की काय होऊन गेलंय.

धाकटा माझ्या मुठीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"कोण?" त्याने विचारलं.

"कोणी नाही रे. डोळ्यात कचरा..."

"ताई, किल्ली तुझ्या हातात आहे."

आता काय बोलणार? "मावशी," मी म्हणाले. "आहे अजून. पण फार दिवस नाही." आणि मग सगळंच बाहेर पडलं. हॉस्पिटल, तिसरा मजला, डॉक्टर काय म्हणाले, आणि ती बाटली. औषधाचं नावसुद्धा मी सांगून टाकलं. लपवायचं तर सगळं आणि सांगायचं तर सगळं, मधलं मला जमत नाही.

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्याने एक लांब श्वास सोडला आणि मला अपेक्षा नव्हती असं काहीतरी म्हणाला.

"म्हणजे हे होतं होय."

"हे म्हणजे?"

"मला वाटलं, तुम्ही मला घालवणार आहात." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मी स्वयंपाकघरात आलो की तुमचं बोलणं बंद. भाऊजी नजर देत नाहीत. मावशी मला न सांगता निघून गेली, ती कधी जाते का अशी? मला वाटलं, ती माझ्यामुळेच गेली आणि आता मला कसं सांगायचं याची तुमची चर्चा चाललीय. माझी बॅग भरलेली आहे, पलंगाखाली. काल मी बसथांब्यापर्यंत जाऊन आलो. जुन्या वस्तीची बस येते तिथे."

जुनी वस्ती म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच माहीत. तिथे त्याला हवं ते मिळायचं.

"चढलास?"

"नाही. बस आली नि गेली. मी पोस्टमनला फोन लावला. तो बोलत बसला, मी ऐकत बसलो."

पोस्टमन म्हणजे त्याच्या व्यसनमुक्तीच्या गटातला साथीदार. टपालखात्यातून निवृत्त झालेला, स्वतःही या सगळ्यातून उठलेला माणूस. मी त्याला तोवर पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले. ज्या भावाला तळहाताच्या फोडासारखं जपत होते, त्याला मीच ढकलत ढकलत त्या बसथांब्यापर्यंत नेलं होतं, आणि तिथून त्याला मागे आणलं ते एका परक्या माणसाने.

"मला वाटलं, तुला झेपणार नाही," मी म्हणाले.

आता मात्र तो चिडला. वर्षभरात पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "झेपणार नाही हे कोणी ठरवलं? तू? ताई, बाबा गेले तेव्हा मी कसा होतो, आठवतं तुला?"

"शांत होतास."

"शांत नव्हतो. मी तिथे नव्हतोच. बाथरूममध्ये जाऊन टोचून आलो होतो. लोक माझे हात हातात घेऊन सांगत होते, काय धीराचा मुलगा आहे. आणि मला झोप येत होती. आपला बाप गेला आणि मला झोप येत होती. मी नंतर किती वेळा बसून बघितलं, की आता रडू, आता तरी. नाही येत. ती वेळ गेली." त्याचा आवाज फाटला. "मावशीचं दुःख माझं आहे. ते मला पाहिजे. तू ते स्वतःजवळ ठेवून घेऊ नकोस."

मी रडायला लागले. मग तोही. आमच्या स्कूलच्या गाडीत, डोक्यावर 'शिकाऊ' असा मोठा फलक असताना, घोड्यासारखी वाढलेली दोन माणसं हमसून हमसून रडत होती. फुटपाथवरून एक म्हातारे गृहस्थ चालले होते. ते थांबले, फलकाकडे पाहिलं, आत वाकून पाहिलं आणि धाकट्याला म्हणाले, "रडू नका हो. मला तर चौथ्या वेळी लायसन्स मिळालं. जमतं शेवटी सगळ्यांना." आणि माझ्याकडे रोखून बघत, "तुम्ही जरा कमी ओरडत जा," असं म्हणून निघून गेले.

धाकट्याला हसू फुटलं. नाकाडोळ्यांतून पाणी आणि वर हसू. मीही हसले. या सगळ्यात कोणीतरी मला बोलायलाच हवं होतं.

रडणाऱ्या माणसाने गाडी चालवायची नाही, हाही मावशीचाच नियम. माझं रडू आधी आटोपलं, म्हणून मी चालवायला बसले आणि तो माझ्या जागेवर आला. वाटेत त्याने पोस्टमनला फोन लावला. आडपडदा न ठेवता म्हणाला, "माझी मावशी जातेय. मी तिच्याकडे चाललोय. खोलीत माझं औषध टांगलेलं आहे आणि मला भीती वाटतेय." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून धाकटा म्हणाला, "येतोय. दाराबाहेर बसतो म्हणाला."

आम्ही पोचलो तर नवरा खोलीच्या दारात उभा. धाकट्याला बघून त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि हा माणूस पहिल्यांदा काय बोलला, तर, "समुद्र नाहीये रे इथे." धाकट्याने त्याला मिठी मारली.

मावशी अर्धवट गुंगीत होती. पाऊल वाजलं तसे तिने डोळे उघडले.

"इतके दिवस कुठे उलथला होतास?"

"तुला शोधत होतो. आधी डोंगरावर, मग समुद्राकाठी."

तिला काही ते कळलं नाही, पण कोणीतरी काहीतरी लपवलं होतं हे बरोबर कळलं. तिने मान माझ्याकडे वळवली. "हिचं काम असणार. हिला पहिल्यापासून दुसऱ्याचा ब्रेक दाबायची सवय." अंगात बोलायचं बळ नाही, पण मला टोमणा मारण्यापुरतं कुठूनतरी आणलं. तो टोमणा मला इतका गोड लागला की काय सांगू.

खुर्ची बाटलीच्या बाजूला होती. धाकटा तिच्याजवळ गेला, थांबला, आणि मला म्हणाला, "ताई, या खुर्चीवर तू बस. मला ते समोर नको." मी तिथे बसले आणि तो पलीकडच्या खुर्चीवर. मग नर्स आली, तेव्हा तो उठून उभा राहिला. मी तिथेच होते, त्याचा शब्द न् शब्द ऐकला.

"सिस्टर, मी या औषधाच्या व्यसनातून बरा होतोय. तुम्ही बाटली बदलायला याल तेव्हा मला बाहेर जायला सांगत जा."

मला वाटलं, आता ही बाई दोन पावलं मागे सरणार. मी माझं तोंड तयार ठेवलं होतं. पण नर्स म्हणाली, "बरं. बाहेरचं बाकडं फार टणक आहे, उशी देते." आणि खरंच उशी आणून दिली. शिव्या तयार ठेवाव्यात आणि त्या वापरायची वेळ येऊ नये, याच्यासारखं सुख नाही.

त्यानंतर तो रोज यायला लागला. सकाळच्या शिकवण्या मी घ्यायचे आणि तो मावशीजवळ बसायचा. दुपारी आम्ही दोघंही. पोस्टमन बाहेरच्या बाकड्यावर बसलेला असायचा, भरघोस मिशा, गुडघ्यावर पेपर, त्यातलं शब्दकोडं. आत कधी आला नाही. बाटली बदलायची वेळ झाली की धाकटा बाहेर जायचा, आणि दोघं मिळून कोडं सोडवायचे. एकदा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. आयुष्यात मला जे बोलता येत नाही ते बोलायचं ठरवून गेले होते. "तुम्ही त्या दिवशी फोन उचललात," एवढं म्हणाले आणि पुढे शब्द सुचेना. पोस्टमन म्हणाला, "बाई, माझाही कोणीतरी उचलला होता." आणि आठ अक्षरी शब्द विचारून मला त्या अवघडलेपणातून सोडवलं.

धाकट्याला सोपं गेलं, असं मी म्हणणार नाही. एक दिवस तो खोलीतून तडक निघाला आणि जिन्यावर जाऊन कठडा धरून बसला. मी मागोमाग गेले. "काय वाटतंय?" मी विचारलं. हे विचारायला मी त्याच्याकडूनच शिकले.

"हाव," तो म्हणाला. "आणि लाज. ती तिथे मरतेय आणि मी थेंब मोजतोय."

पूर्वीची मी असते तर त्याला हाताला धरून घरी नेलं असतं आणि दाराला कुलूप लावलं असतं. त्या दिवशी मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. लोक आमच्या अंगावरून चढत-उतरत होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "उतरली." आणि आम्ही आत गेलो.

मावशीची नखं वाढली होती. तिला फार टापटीप लागायची. धाकट्याने नर्सकडून नेलकटर मागून आणलं आणि तिचा हात आपल्या तळव्यावर घेऊन एकेक नख कापत बसला. गॅरेजमधली ती जाडजूड बोटं, पण तिला कुठे जरासुद्धा लागू दिलं नाही. कापून झाल्यावर त्याने विचारलं, "मावशी, दुखतं का गं फार?"

"पहिल्यांदा फार दुखायचं," ती म्हणाली. "आता नाही दुखत."

तेव्हा त्याने मान वर केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या बाटलीकडे सरळ पाहिलं. मी खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरलं. तो थोडा वेळ बघत राहिला.

"बरं आहे," तो म्हणाला. "तिला उपयोग होतोय." आणि पुन्हा तिच्या हाताकडे वळला.

त्या रात्री जेवताना त्याने पुन्हा आभार मानले. माझे. "ताई, किल्ली काढलीस, बरं केलंस." मी म्हटलं, ती चुकून निघाली रे. नवरा म्हणाला, "हिने आयुष्यात चुकून केलेल्या गोष्टीच तेवढ्या बरोबर येतात. माझ्याशी लग्नही असंच." खरं सांगायचं तर मला त्या टेबलाभोवती बसलेल्या दोन्ही माणसांचे उपकार फेडता येणार नाहीत असं वाटत होतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं, म्हणून मी दोघांनाही न विचारता आणखी वाढलं.

मावशी गेली ती एका दुपारी. खिडकीतून ऊन आलं होतं, धाकट्याने तिच्या डोळ्यांवर येतं म्हणून पडदा ओढला, आणि परत येऊन बसेपर्यंत श्वास थांबला होता. तिला काही त्रास झाला नाही. नर्सने नळी काढली, बाटली उतरवली आणि घेऊन गेली. धाकट्याने तिकडे पाहिलंही नाही. त्याने मावशीचा हात धरला होता आणि तो रडत होता, मोठमोठ्याने, तोंड वासून, लहान मूल रडतं तसा. शेजारच्या खोलीतले कोणी नातलग दारात आले आणि म्हणाले, "सावरा हो स्वतःला, पुरुषासारखे पुरुष तुम्ही." मी इतकी जोरात "रडू द्या त्याला" म्हणाले की ते दार लोटून निघून गेले. मला ते रडणं हवं होतं. त्या आवाजाचे मी तिथल्या तिथे आभार मानले, कोणाचे ते मला ठाऊक नाही.

नंतर नर्सने आम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. नवरा खाली कागदपत्रं बघायला गेला. पोस्टमन बाकड्यावरून उठला, आम्हाला जागा करून दिली आणि पलीकडे भिंतीला टेकून उभा राहिला.

धाकटा माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला.

"ताई, दुखतंय गं," तो म्हणाला. "फार दुखतंय."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पाठीचा अपघात झाल्यापासून त्याची प्रत्येक मागणी याच वाक्याने सुरू व्हायची. दुखतंय, म्हणून कपाट उघड. दुखतंय, म्हणून डॉक्टरांना फोन कर. दुखतंय, म्हणून मला एकट्याला सोड. या वाक्याच्या मागून काय येतं, याची मला इतकी सवय होती की मी अंग चोरून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले.

पुढे काही आलं नाही. त्याला फक्त दुखत होतं, आणि तो मला सांगत होता.

मी त्याचा हात हातात घेतला. "मलाही," मी म्हणाले.